वनदाव्यांचं टेबल

धडगाव

चि. वैशाली,


प्रांत कार्यालयात तुझ्याकडे वनदाव्यांचं टेबल आल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. आनंद झाला, थोडी काळजीही वाटली; म्हणून लिहितो आहे.

२००६ चा वनहक्क कायदा वाचताना प्रास्ताविक वगळू नकोस. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं संसदेनं तिथं कबूल केलं आहे. कबुली दिल्लीत झाली, ती खरी करायची मात्र तुमच्यासारख्यांनी. अडतं ते पुराव्यापाशी. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा सिद्ध झाला, तरच कसत असलेली जमीन, फार तर चार हेक्टर, नवरा-बायको दोघांच्या नावावर होते.

आता सातपुड्यात खेडणाऱ्याचा ताबा कागदावर यायचा कधी? अतिक्रमणाचा दंड झाला तर! ज्या पावतीनं माणसाला गुन्हेगार ठरवलं, तीच पुढे त्याची साक्षीदार झाली. पण दंडाऐवजी कुणी कोंबडी उचलून नेली असेल, तर तिची पावती कुठून आणायची?

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक असावं. नियम १३ मध्ये गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा धरले आहेत. अमुकच कागद हवा असा हट्ट दावे तपासणाऱ्या उपविभागीय आणि जिल्हा समित्यांनी धरू नये, असं २०१२ च्या दुरुस्तीनं बजावलं. ज्यांच्या शब्दाला कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या किंमत नव्हती, त्यांचा शब्द ग्राह्य धरायचा, हीच मला सरकारची खरी माफी वाटते.

सरदार सरोवर धरणात आपल्याकडची ३३ गावं बाधित झाली, तेव्हाही कागदावर 'घोषित' प्रकल्पग्रस्त कोण आणि 'अघोषित' कोण यावर माणसं वर्षानुवर्षं भांडत राहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर दावे फेटाळलेल्यांना जंगलातून हटवायचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला होता. त्याच महिन्यात स्थगिती मिळाली म्हणून निभावलं. फेटाळल्याच्या शेऱ्याचं वजन एवढं असतं.

तेव्हा 'पुरावा अपुरा' एवढ्यावर फाइल पुढे सरकवू नकोस. नेमकं काय कमी आहे ते लिही, दावेदाराला लेखी कळव आणि साठ दिवसांत अपील करता येतं हे त्याच्याच बोलीत सांग. वरिष्ठ घाई करतील, तर नियमाचं पान उघडून समोर ठेव. तुला पावरी येते. त्या टेबलावर ती इंग्रजीपेक्षा जास्त कामाची आहे.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा