काकांनी दाखवलेला कोट

नालासोपाऱ्यात मी राहायला आले ती भाडं परवडतं म्हणून. पावसात रुळांवर साचणारं पाणी आणि लोकलच्या दारातली रेटारेटी, एवढंच मला या गावाबद्दल ठाऊक होतं. शेजारी गिरणीतून निवृत्त झालेले एक काका राहत. एका बुद्ध पौर्णिमेला ते मला पश्चिमेच्या सोपारा गावात घेऊन गेले.

झाडांच्या आड विटांची जुनी रचना दिसली. मला तो पडका बुरूज वाटला. गावातही त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. काकांनी आधी चपला काढायला लावल्या, मग सांगू लागले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा स्तूप खणला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडे, आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या करंड्यात भिक्षापात्राचे तुकडे. सोबत बुद्धांच्या आठ मूर्ती. त्यांतला एक मैत्रेय, अजून यायचा असलेला.

तेव्हा मी एका दवाखान्यात बिलांच्या खिडकीवर बसायचे. लोक बिलाचा राग माझ्यावर काढायचे. एका रात्री रडत घरी आले आणि नोकरी सोडते म्हणाले. काकांनी उपदेश केला नाही, बुद्धांचा शिष्य पुण्ण याची गोष्ट सांगितली. पुण्ण सुनापरांताला, म्हणजे आपल्या या मुलखात, धम्म सांगायला निघाला. तिथले लोक तापट, शिव्या देतील, असं बुद्धांनी बजावलं. पुण्ण म्हणाला, हात उगारत नाहीत, म्हणजे भलेच म्हणेन. आणि मारलं तर? दगड मारत नाहीत, म्हणेन. असं काठीपर्यंत, शस्त्रापर्यंत, थेट जीव घेण्यापर्यंत गेलं, पण पुण्णाचं उत्तर बदललं नाही. तो आला, आणि पहिल्याच वर्षावासात त्याला शेकडो उपासक-उपासिका मिळाले.

“पोरी, तो आपल्याच गावचा गं,” काका म्हणाले.

सगळा अपमान गिळावा, असं मला आजही वाटत नाही, आणि काकांनाही वाटत नसे. ते जुने युनियनवाले होते. पण समोरचा माणूस घाबरून ओरडतोय, हे मला त्या रात्रीनंतर दिसू लागलं. नोकरी टिकली, घर उभं राहिलं.

पुढे त्यांनीच मला मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नेऊन सोपाऱ्याच्या अशोक-शिलालेखाचा तुकडा दाखवला. तो आठव्या लेखाचा. आधीचे राजे शिकारीला जात, अशोक धम्मयात्रेला निघाला, असं त्या लेखात येतं. आपल्या नाक्याची माती एवढी जुनी आहे, हे मला गिरणी कामगाराने शिकवलं. त्यांचं हे देणं फिटणारं नाही.

काका आता नाहीत. पौर्णिमेला मी नव्या भाडेकऱ्यांना सोबत नेते. तुम्हीही या. स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षा मिळते. फक्त मेणबत्त्या विटांवर लावू नका, खाली जमिनीवर लावा. काकांचा तेवढा एक आग्रह असे.