काकूंच्या अक्षरातली एक ओळ

2016 सालच्या श्रावणातली शुक्रवारची संध्याकाळ. मला 32 आठवडे पूर्ण झाले होते. सोनोग्राफी झाली, पोटावरचा जेल पुसायला कागद मिळाला आणि त्याबरोबर एक वाक्य, "बच्चा थोड़ा छोटा है, अपने डॉक्टर को दिखा देना." एवढं बोलून पुढच्या बाईचं नाव पुकारलं गेलं. माझे डॉक्टर सोमवारी भेटणार होते.

इंदूरच्या पलासिया चौराह्यावर पाऊस नुकताच थांबला होता. छप्पन दुकानच्या बाजूनं गरम तेलाचा वास येत होता आणि एरवी ज्या वासानं मी रिक्षा थांबवली असती, त्यानं त्या दिवशी मळमळलं. रिक्षातच रिपोर्ट उघडला. डोक्याचा घेर जवळजवळ दिवसांप्रमाणे. पोटाचा घेर 25.8 सेंटिमीटर, म्हणजे 30 आठवड्यांचा. मांडीचं हाड 5.8 सेंटिमीटर, तेही मागेच. अंदाजे वजन 1560 ग्रॅम. आणि खाली शंभरात दहाच्याही आत असल्याची नोंद.

घरी सगळ्यांनी आपापल्या परीनं धीर दिला. सासूबाई म्हणाल्या, "यंत्राचं काय खरं मानायचं?" नवरा म्हणाला, "काही होत नाही, तू विचार करू नकोस." दोघांची माया खरी होती, पण त्या मायेत माझ्या भीतीला बसायला जागा नव्हती. रात्री दोन वाजता मी मोबाइलवर मांडीच्या हाडाबद्दल वाचत बसले. प्रत्येक पानावर नवा आजार सापडत होता.

शनिवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी माझा चेहरा पाहिला आणि दार उघडं ठेवून आत गेल्या. म्हणजे मी आत जायचं होतं. काकू एम. वाय. हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स होत्या, त्यातली बरीचशी प्रसूतिगृहात. निवृत्त होऊनही पहाटे पाचला उठायच्या. त्यांनी चष्मा लावला, रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "घाबरू नकोस" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिल्या सोनोग्राफीचा कागद आण."

मला कळेना. तेव्हा त्यांनी समजावलं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतात, तेव्हा सगळी बाळं जवळजवळ एकाच गतीनं वाढत असतात, म्हणून दिवस ठरवायचे ते त्या मापावरून. दिवसच चुकीचे धरले असतील तर पुढचं प्रत्येक माप चुकीच्या खुंटीला टांगलेलं. मी वर जाऊन फाइल उपसली. दिवस बरोबर होते. काकूंनी मान हलवली, "म्हणजे ही सूट आपल्याला नाही." त्या "आपल्याला" या शब्दावर मला पहिल्यांदा रडू आलं.

मग त्यांनी विचारलं, "तुझी उंची?" पाच फूट. "तू जन्मलीस तेव्हा वजन किती होतं?" माहीत नव्हतं. देवासला आईला फोन लावला. 2 किलो 400 ग्रॅम, आईला अजून पाठ होतं. "आता हे डॉक्टरांना सांगायचं," काकू म्हणाल्या. "आणि सोनोग्राफीत 2 किलो 800 सांगितलेली बाळं काट्यावर 2 किलो 400 भरताना मी पाहिलीत. उलटंही पाहिलंय. वजन कुणी तोलत नाही बाई, घेर आणि हाड मोजून गणित करतात."

पुढे मी त्या गणिताचा शोध घेतला. आपल्याकडे रिपोर्टवर बहुधा ज्यांचं नाव दिसतं, त्या हॅडलॉक यांनी ते सूत्र 1980च्या दशकात अमेरिकेत, ह्यूस्टनला बसवलं. त्यात 10–15 टक्के इकडेतिकडे होणं नेहमीचं. माझ्या 1560 मध्ये जवळजवळ साडेचारशे ग्रॅमचा झोका लपला होता. 2014 साली 'लॅन्सेट'मध्ये जगातल्या आठ ठिकाणच्या निरोगी मातांवरून नवे तक्ते प्रसिद्ध झाले, त्यात एक ठिकाण आपलं नागपूर होतं. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं बाळं मोजली, तेव्हा सरासरी जन्मवजन 2.7 किलोच्या आसपास आलं. पण 'आपली बाळं लहानच असतात' असं म्हणून सुटायला त्यांच्याच अभ्यासानं वाव ठेवलेला नाही, कारण ती बाळं दिसायला बारीक, पण अंगात चरबी राखून असतात. काकूंना हे कागद ठाऊक नसतील. तरी त्यांचं म्हणणं त्याच वळणाचं होतं: लहान आहे एवढ्यानं काही ठरत नाही, का लहान आहे ते बघायचं.

सोमवारसाठी त्यांनी मला तीन प्रश्न लिहून दिले. नाळेतला रक्तप्रवाह कसा आहे, पाणी किती आहे, पुन्हा मोजायचं कधी. डॉक्टरांनी डॉपलर केलं, प्रवाह चांगला, पाणी पुरेसं. पुढची सोनोग्राफी दोन आठवड्यांनी, त्याआधी नाही, कारण इतक्या थोड्या दिवसांत झालेली वाढ मापातल्या चुकीतच बुडून जाते.

ते दोन आठवडे काकूंनी मला चालवलं. बँकेची एक जुनी डायरी दिली. रात्री जेवल्यावर डाव्या कुशीवर झोपायचं, घड्याळ लावायचं, बाळाच्या दहा हालचाली मोजायच्या, दहावी किती वाजता झाली ते लिहायचं. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर रात्र असो की पाऊस, दवाखान्यात जायचं. त्या डायरीनं मला झोप दिली. रोजची ओळ लिहिली की मोबाइल बाजूला ठेवता यायचा.

34 आठवड्यांना वजन 1960 ग्रॅम आलं. रेष अजून खालचीच होती, पण बाळानं ती सोडली नव्हती. माझी मुलगी 39व्या आठवड्यात झाली, 2 किलो 560 ग्रॅम. काकू भेटायला आल्या त्या तिच्या अंगावरून हात फिरवत बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी त्या लेकीकडे पुण्याला राहायला गेल्या. निघाल्या त्या दिवशी मुलीला ताप होता, मला जिन्यापर्यंतच जाता आलं. ट्रकमध्ये सामान चढत होतं, त्या गडबडीत जे बोलायचं ते बोलायचं राहिलं. फोनवर ते कधी जमलं नाही. आता काकू नाहीत.

डायरी माझ्याकडे आहे. रोजच्या ओळी माझ्या अक्षरात, वाकड्यातिकड्या. एक मात्र नाही. 34 आठवड्यांच्या सोनोग्राफीच्या आदल्या रात्री माझ्यानं मोजवेना, हात कापत होता. नवरा काकूंना बोलावून घेऊन आला. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, तळहात माझ्या पोटावर ठेवला आणि डोळे मिटून मोजत राहिल्या. मला मध्येच झोप लागली. सकाळी पाहिलं तर पानावर त्यांच्या नर्सच्या सरळ, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "10 पूर्ण, 9.40. आई झोपली."