ईयोबाचे मित्र

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि दोघेही जन्माने ख्रिस्ती आहोत. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना एखादा विद्यार्थी दबकत विचारतोच, ‘तुमचा खरोखर विश्वास आहे का?’ पूर्वी आम्ही ना. वा. टिळकांना पुढे करून सुटका करून घेत असू. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेला कवी, १८९५ चा बाप्तिस्मा, १९१७ मध्ये मिशन सोडून मांडलेला ‘देवाचा दरबार’. तास संपे, प्रश्न तसाच राही. टिळकांनी धर्म शोधून घेतला. आम्हांला तो घरातल्या जुन्या पेटीसारखा मिळालेला. ती उघडून पाहण्याची वेळ मे २०२१ मध्ये आली.

त्या महिन्यात बाबा करोनाने गेले. आमच्यापैकी एकाचे वडील, पण बाबा दोघांचेही. कबरस्तानात आम्ही पाच माणसे. जो तो फोनवर ‘देवाची इच्छा’ म्हणे. हेतू चांगलाच होता; पण ज्याची अशी इच्छा असते त्याच्यावर प्रेम कसे करावे, हे आम्हांला कळेना. ऑक्टोबरात प्रार्थनास्थळे उघडली, टाळेबंदीची सबब उरली नाही, तरी आम्ही गेलो नाही. हे येथे कबूल केलेले बरे.

वाचन तेवढे सुरू होते. ऑगस्टीनच्या मते अनिष्ट हे स्वतंत्र तत्त्व नव्हेच. तो इष्टाचा अभाव. (वैशेषिकांनी पुढे अभावालाच सातवा पदार्थ मानले, हे आठवून जरा हसू आले.) युक्तिवाद देखणा आहे, पण रिकाम्या खुर्चीसमोर बसलेल्याला तो अभाव फार भरीव वाटतो. लायब्निट्सने १७१० मध्ये हे जग संभाव्य जगांतील सर्वोत्तम ठरवले. १७५५ च्या लिस्बन भूकंपानंतर व्होल्तेअरने त्याची जी टर उडवली, ती आम्हांला धर्मद्रोही न वाटता प्रामाणिक वाटली.

आधार मिळाला तो ईयोबाच्या पुस्तकात. मित्र त्याला दुःखाची कारणमीमांसा ऐकवतात: पाप केले असशील, म्हणून भोगतोस. प्रारब्धाकडे बोट दाखवणारे आपले शेजारीच जणू. शेवटी देव बोलतो, पण कारण सांगत नाही. भांडणाऱ्या ईयोबालाही तो सुनावतो. त्याचा कोप मात्र होतो देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर! वधस्तंभावरचा येशूही ‘का?’ असेच विचारतो आणि त्याला उत्तर मिळत नाही. १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरील बॉम्बवर्षावात युर्गेन मोल्टमान वाचला, शेजारी उभा असलेला मित्र गेला. पुढे धर्मशास्त्रज्ञ झालेल्या मोल्टमानच्या १९७२ च्या ग्रंथाचा रोख असा, की देव दुःखाचा योजक म्हणून वर बसलेला नाही. तो त्या क्रूसावरच आहे.

सर्वशक्तिमान असून तो केवळ सोबत कसा करतो, हा प्रश्न उरतोच. आमच्यापैकी एकाला मोल्टमान पुरतो, दुसऱ्याला नाही. यावरून स्वयंपाकघरात अजून वाद होतात. काशीत वाढलेल्या नीलकंठशास्त्री गोऱ्यांना १८४८ च्या बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी सोडले नाही, हे वाचून मात्र दोघांनाही बरे वाटले.

२०२२ च्या उत्तम शुक्रवारी आम्ही चर्चमध्ये गेलो. बाबांच्या जागेवर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. त्यांच्याजवळ ‘उपासना संगीत’ नव्हते. बाबांची प्रत आम्ही सोबत नेली होती, ती त्यांना दिली.