हळद, जांभूळ आणि सांधेदुखी : रंगद्रव्यांकडून किती अपेक्षा ठेवावी?

"डॉक्टर, हळदीच्या कॅप्सूल सुरू करू का? त्याने सूज उतरते म्हणे." हा प्रश्न मला ओपीडीत सतत विचारला जातो. प्रश्न चांगला आहे, पण त्याचं उत्तर नुसत्या 'हो' किंवा 'नाही'त देता येत नाही. म्हणून हा लेख.

सूज म्हणजे काय?

बोटात काटा गेला की ती जागा लाल होते, गरम लागते, फुगते आणि ठणकते. यालाच आम्ही दाह म्हणतो. जंतूंशी लढण्यासाठी आणि जखम भरण्यासाठी शरीर तो स्वतःच निर्माण करतं आणि काम संपलं की थांबवतं. काही वेळा मात्र राखेखालच्या निखाऱ्यासारखा तो वर्षानुवर्षे धुमसत राहतो. आमवात (रुमॅटॉइड आर्थरायटिस) हे याचं ठळक उदाहरण. मधुमेह आणि हृदयविकारातही अशा दाहाचा वाटा असतो.

रंग काय करतात?

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा, जांभूळ, काळी द्राक्षं आणि कोकम यांचा रंग अँथोसायनिनचा, टोमॅटो-कलिंगडाचा लाल रंग लायकोपिनचा, तर गाजर आणि लाल भोपळ्याचा केशरी रंग बीटा-कॅरोटिनचा. वनस्पती ही द्रव्यं स्वतःसाठी बनवतात. कडक उन्हापासून बचाव करणं हे त्यांचं एक काम.

आपल्या पेशींत 'एनएफ-कप्पा-बी' नावाचं एक प्रथिन असतं. ते दाहाचं बटणच समजा. प्रयोगशाळेत कर्क्युमिन आणि अँथोसायनिन हे बटण दाबलं जाण्यापासून रोखतात, असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यामुळे आजीच्या हळदीच्या लेपाला अर्थ होता, हे मान्य.

मग अडचण कुठे आहे?

अडचण पोटात आहे. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. म्हणजे चमचाभर, ३ ग्रॅम हळदीत जेमतेम ९० मिलिग्रॅम. त्यातलं बरंचसं शोषलंच जात नाही. जे शोषलं जातं त्याचं आतडं आणि यकृत झटपट रूपांतर करून टाकतात. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, दिलं, तेव्हा कर्क्युमिनची उपलब्धता सुमारे २० पट वाढली.

हे ऐकायला छान वाटतं, पण पिपरिन हे साधतं कसं? औषधं शरीराबाहेर काढायची यकृताची यंत्रणा ते मंद करतं. फिटच्या फेनिटॉइनसारख्या गोळीचं रक्तातलं प्रमाणही त्याने वाढू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, तर या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नका. तीव्र मात्रेच्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. भाजी-आमटीतल्या चिमूटभर हळद-मिरीबद्दल मी बोलत नाही, ती निर्धास्त वापरा.

बीटा-कॅरोटिनचा धडा तर कायम लक्षात ठेवावा असा. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. अपेक्षा होती की या गोळीने फुप्फुसाचा कर्करोग टळेल. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजराने असं होत नाही. गाजरात तंतू असतात, इतर शेकडो द्रव्यं असतात आणि मात्रा पोट ठरवतं.

मला सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते?

कॅप्सूल घेण्यापेक्षा तिच्या भरवशावर औषध बंद करण्याची. आमवाताच्या एका ताईंनी 'केमिकल नको' म्हणून मेथोट्रेक्सेट परस्पर सोडलं आणि आठ महिने फक्त हळदीवर काढले. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना भाकरी थापता येत नव्हती. औषध पुन्हा सुरू केल्यावर सूज उतरली, पण वाकडी झालेली बोटं काही सरळ झाली नाहीत. सांध्याची एकदा झालेली झीज परत भरून येत नाही. गुडघ्याच्या झिजेत कर्क्युमिनने वेदना थोडी कमी होते असं लहान चाचण्यांत दिसलं आहे. आमवातात मात्र ते औषधाची जागा घेऊ शकत नाही.

मग करायचं काय?

• रोजच्या ताटात दोन-तीन रंग असू द्या : पालेभाजी, टोमॅटो, भोपळा, कांदा, मोसमी फळ.

• हळद तेलाच्या फोडणीत घाला, कारण कर्क्युमिन तेलात विरघळतं. टोमॅटोतलं लायकोपिनही तेलात शिजवल्यावर जास्त मिळतं.

• शक्यतो हळकुंडं आणून दळून घ्या. भडक रंगाच्या सुट्या पावडरीत शिसं असलेल्या रंगाची भेसळ असू शकते.

• जांभूळ, द्राक्षं फळ म्हणून खा, साखर घातलेलं सरबत म्हणून नको.

मी स्वतः जूनमध्ये जीभ जांभळी होईपर्यंत जांभळं खातो. पण रक्तदाबाची गोळी त्या दिवशीही चुकवत नाही.

तुम्हाला एकच विनंती. पुढच्या तपासणीला येताना घरातल्या गोळ्या, चूर्णं, काढे, कॅप्सूल, सगळं एका पिशवीत घालून घेऊन या. काय चालू ठेवायचं आणि काय थांबवायचं, ते आपण समोर बसून ठरवू.