एका निरर्थक शब्दावरचा खटला

१/ १९६५ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयासमोर एक विलक्षण प्रश्न उभा राहिला : ज्या शब्दाला अर्थच नाही, त्याची मालकी कोणाची? शब्द होता 'सुपरकॅलिफ्रॅजिलिस्टिकएक्सपिॲलिडोशस'. आदल्याच वर्षी डिस्नेच्या 'मेरी पॉपिन्स' या चित्रपटातील गाण्याने तो घरोघरी पोहोचवला होता.

२/ ग्लोरिया पार्कर आणि बार्नी यंग या गीतकारांचे १९४९ चे एक गाणे होते : 'सुपरकॅलफॅजॅलिस्टिकेस्पिॲलॅडोजस'. आपला शब्द उचलला गेला, असा त्यांच्या बाजूचा दावा होता. चित्रपटाचे गीतकार शर्मन बंधू मात्र सांगत की, हा शब्द त्यांना बालपणीच्या उन्हाळी शिबिरात मिळाला.

३/ आता शब्दाची घडण पाहू. रोमन लिपीत ३४ अक्षरे. उच्चारात १४ सिलेबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे. गाताना त्यांच्या सात जोड्या पडतात : सुपर, कॅलि, फ्रॅजि, लिस्टिक, एक्सपि, ॲलि, डोशस. प्रत्येक जोडीत पहिल्या तुकड्यावर आघात, आणि सर्वांत ठसठशीत आघात 'डो'वर. मराठी वृत्त लघु-गुरू मोजते. इंग्रजी लय आघात मोजते.

४/ 'डो'च का? 'फेरोशस', 'प्रिकोशस', 'ॲट्रोशस' हे शब्द उच्चारून पाहावेत. या शेवटाच्या शब्दांत आघात उपांत्य सिलेबलवरच येतो. 'सुपर' आणि 'इस्टिक' हेही इंग्रजीच्या नित्य व्यवहारातले उपसर्ग-प्रत्यय. अर्थ नसला, तरी व्याकरणाचा सांगाडा पक्का आहे. म्हणूनच तो परका वाटत नाही.

५/ न्यायालयापुढे दोन न्यूयॉर्कवासीयांची प्रतिज्ञापत्रे आली : १९४९ च्या कितीतरी आधीपासून हा शब्द त्यांच्या कानावर होता. शिवाय, शब्द वगळता दोन्ही गाण्यांत साम्य नव्हते. न्यायाधीश विल्फ्रेड फाइनबर्ग यांनी मनाईहुकूम नाकारला.

६/ छापील पुरावाही जुना आहे. सिरॅक्यूज विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या 'द डेली ऑरेंज' या पत्रात १० मार्च १९३१ रोजी हेलन हर्मन यांच्या स्तंभात तो आढळतो : 'सुपरकॅलिफ्लॉजॅलिस्टिकएक्सपिॲलॅडोशस'.

७/ तिन्ही रूपे शेजारी ठेवली की गंमत उलगडते. 'फ्लॉ'चा 'फॅ' झाला, 'फ्रॅ' झाला. 'शस'चा 'जस' झाला. सिलेबल मात्र तिन्हींत १४, आणि शेवटचा आघात 'डो'वरच! तोंडातोंडी फिरताना वर्ण झिजले, ताल टिकला. मौखिक परंपरेत स्मरणाचा भार अनेकदा तालच वाहतो, आणि ताल कोणा एकाच्या नावावर चढवता येत नाही.

धागा समाप्त.