विमानाचा काटा

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन मावशीकडे जावयाचे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता आहे. मावशीचे घर गोव्यात, डिचोली तालुक्यातील एका लहानशा गावी. आमचे वडील मुंबईहून आगबोटीने पणजीस जात, तेव्हा त्यांच्याबरोबर पत्र्याची ट्रंक व वळकटी असे आणि परतताना नारळांचे पोते. त्या पोत्याचे वजन कोणी विचारल्याचे त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नाही. पुढे कोकण रेल्वे झाली. आगगाडीच्या स्लीपर वर्गात माणशी ४० किलो सामान विनामूल्य नेता येते. चौघांच्या कुटुंबास ते पुरून उरते.

११ डिसेंबर २०२२ रोजी पेडणे तालुक्यात मोपा येथे, मनोहर पर्रीकर यांचे नाव दिलेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने ये-जा करू लागली. डिचोलीकरांस दाबोळीपेक्षा हे पुष्कळ सोयीचे. मुलांचा हट्ट होताच. तेव्हा गेल्या वर्षी आम्हीही जातायेता विमानाची तिकिटे काढली. जाताना काही अडचण आली नाही. कसोटी होती ती परतीची.

देशातील प्रवासात साध्या तिकिटावर बहुतेक विमानकंपन्या माणशी १५ किलो सामान पोटात घेतात व ७ किलोंची एक पिशवी हाती ठेवू देतात. त्यावर जेवढे भरेल त्यास किलोमागे कित्येकशे रुपये मोजावे लागतात. कित्येकांस हा नुसता पैसे उकळण्याचा प्रकार वाटतो. परंतु विमान किती भार घेऊन उडू शकेल यास खरोखरच सीमा असते. प्रत्येक किलोमागे इंधन जळते आणि कोणते ओझे कोठे ठेवले यावर विमानाचा तोल अवलंबून असतो. एकेक डाग ३२ किलोंच्या वर घेत नाहीत, तो तर सामान उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा विचार करून. हे सारे आम्ही मुलांस मोठ्या विद्वत्तेने समजावून सांगितले होते. आमचे सामान मात्र निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत आम्ही तोलले नव्हते.

त्या संध्याकाळी मावशीने ओटीवर आपला आहेर मांडला. उकडा तांदूळ ५ किलो, मानकुराद आंबे ६ किलो, हरमलची तांबडी मिरची, कोकमसोले, पेरूच्या वड्या आणि जुन्या कापडात गुंडाळलेले मातीचे एक मडके. आमची आई माहेरी आली म्हणजे याच मडक्यात माशांचे कालवण रांधीत असे, असे मावशी म्हणाली. शेजारी काजूबियांचा व्यापार करतात. त्यांच्याकडून ताणकाटा आणला. सर्व डाग एकेक करून लटकविले. बेरीज झाली ७१ किलो. आमची मर्यादा ६०.

मावशी निजल्यावर आम्ही उभयता पेट्या उघडून बसलो आणि हात प्रथम कशाकडे गेला असेल? तांदळाकडे. तांदूळ काय, बाजारात कोठेही मिळतो! पाच किलो कमी झाले. मग आंबे निम्मे काढले. मग मडके. इतक्यात मागे पाऊल वाजले. मावशी दारात उभी होती. ती रागावली नाही. तिने तांदळाची पिशवी उचलली, आत जाऊन कणगीत रिकामी केली आणि परत येऊन म्हणाली, “झेपेल तेवढेच न्या रे बाबांनो. उगाच भुर्दंड कशाला?” एवढे बोलून ती निजावयास गेली. आम्हांस मात्र झोप येईना.

सकाळी आमची नऊ वर्षांची मुलगी आपले बूट हातात घेऊन आली. “बाबा, हे मी एकदाही घातले नाहीत. हे नेले नाहीत तर आजीचे मडके जाईल का?” (मावशीला मुले आजीच म्हणतात.) आम्ही खजील झालो. पुन्हा काटा आणला. या खेपेस मावशीच्या वस्तू बाजूला ठेवून आमच्याच तोलल्या. दहा दिवसांत न घातलेले कपडे, जादा जोडे, जाड पंचे, चहाची विजेची किटली, न उघडलेली पुस्तके हे सारे मिळून १२ किलो झाले. ज्या टणक पेटीतून ते आणले, ती रिकामीच साडेचार किलोंची. मावशीचा सारा आहेर १६ किलोंचा होता. आमच्या निरर्थक हौसेचे ओझे त्याहून अर्धा किलो जास्त भरले.

ती पेटी आम्ही मावशीच्याच घरी ठेवली. मावसभाऊ जूनमध्ये आगगाडीने येणार होता, तो घेऊन आला. आम्ही मावशीपुढे जाऊन म्हटले, “मावशी, आमची चूक झाली. तो तांदूळ परत दे.” ती क्षणभर पाहत राहिली, मग हसली. तिने स्वतःच्या हाताने तांदूळ लहान पुरचुंड्यांत बांधून मडक्यात भरला, बाहेरून आमचे सदरे गुंडाळले आणि ते पुठ्ठ्याच्या खोक्यात बसविले. कोलवाळचा पूल ओलांडून धारगळमार्गे आम्ही मोप्यास पोचलो. तेथील काट्यावर ५५ किलो भरले.

अनुभवाने कळलेल्या चार गोष्टी सांगतो. तिकीट काढतानाच त्या कंपनीचा नियम विचारून घ्यावा. एकाच तिकिटावरील कुटुंबाचे वजन पुष्कळदा एकत्र धरतात, पण गृहीत धरू नये. मांडीवरच्या तान्ह्यास बहुधा वेगळे वजन मिळत नाही. सुके खोबरे तेलकट असल्याने पेट घेऊ शकते, म्हणून ते पेटीत चालत नाही. उलट मोबाईलची पॉवर बँक हातातच ठेवावी लागते. आणि पेटी घेताना ती रिकामी किती भरते हे आधी पाहावे.

घरी येऊन खोके उघडले, तो मडक्याच्या काठाचा एक टवका उडालेला. मावशीचा दूरध्वनी आला. “मडके पोचले का रे?” आम्ही म्हटले, “पोचले, मावशी.” टवक्याचे सांगितले नाही. त्या रविवारी त्यातच कालवण झाले. यंदा निघताना एक पेटी रिकामीच न्यावी, असे मुलीने आतापासूनच बजावून ठेवले आहे.