मीनल, त्या संमतीपत्राविषयी

प्रिय मीनल,



श्रीकांतरावांच्या मेंदूतल्या गाठीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, संशोधनासाठी ठेवून घ्यायला परवानगी द्यावी का, एवढाच तुझा प्रश्न. पण त्याच्या मागेपुढे तू जे लिहिलंस, त्याचं ओझं जास्त आहे. सासूबाई म्हणतात, फोन सदा कानाला असायचा, त्यानंच झालं. शेजारी गच्चीवरच्या टॉवरकडे बोट दाखवतात. तुला वाटतं, डोकेदुखीला पित्त समजून तूच वेळ घालवलास. आणि सगळ्याच्या तळाशी, ‘ह्यांनाच का?’ मी डॉक्टर नव्हे, जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं. त्यामुळे तुझ्या ‘का’पाशी मला आकड्यांच्याच वाटेनं येता येतं. हे पत्र छापायला देते आहे, कारण असं बोलणं आज बऱ्याच घरांत चाललेलं असतं. तुमची नावं अर्थातच बदलली आहेत.

डोकेदुखीचं आधी संपवू. गाठ उशिरा कळणं आणि गाठ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पित्ताची गोळी देऊन कुणाच्या मेंदूत ग्लायोमाची गाठ होत नाही.

आता फोन. हा प्रश्न तुझ्या सासूबाईंच्या आधी तेरा देशांनी विचारला होता. फ्रान्समधल्या लिआँ शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिच्या पुढाकारानं ‘इंटरफोन’ हा अभ्यास झाला. ग्लायोमाचे सुमारे २७०० आणि मेनिन्जिओमा या दुसऱ्या प्रकारच्या गाठीचे सुमारे २४०० रुग्ण, आणि तुलनेसाठी ही गाठ नसलेली माणसं. सगळ्यांना विचारलं, फोन कधीपासून, किती, कुठल्या कानाला? २०१० साली निष्कर्ष आले. एकूण पाहता धोका वाढलेला दिसला नाही. उलट फोन नियमित वापरणाऱ्यांमध्ये तो थोडा कमीच दिसला! फोननं मेंदूचं रक्षण होतं असं कुणी मानणार नाही, म्हणजे माणसं निवडण्यात किंवा माहिती मिळवण्यात कुठेतरी गडबड होती. सर्वांत जास्त बोलणाऱ्या एकदशांश लोकांत मात्र ग्लायोमाचा धोका सुमारे ४० टक्के जास्त दिसला. पण त्यांतल्या काहींनी सांगितलेला वापर संशोधकांनाही पटण्यासारखा नव्हता. आजारी माणूस कारण शोधत असतो आणि त्याची आठवण त्या शोधाच्या बाजूला झुकते. सासूबाईंचंही तेच होतं आहे. त्यांच्यावर रागावू नकोस, मुलाच्या आजारात आईचं मन असंच चालतं.

२०११ साली त्याच संस्थेनं मोबाइलच्या लहरींना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं. लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच. पुढे काय झालं ते फारसं पोचलं नाही. आठवणीवर विसंबायचं नाही म्हणून युरोपातल्या काही देशांनी आधी निरोगी माणसं गोळा केली आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. हा ‘कॉसमॉस’ अभ्यास. डेन्मार्क, फिनलंड, नेदरलँड्स, स्वीडन आणि ब्रिटन मिळून अडीच लाखांहून जास्त माणसं. २०२४ साली त्यांनी सांगितलं की जास्त बोलणाऱ्यांत मेंदूच्या गाठी जास्त आढळल्या नाहीत. मुलांचं काय, या शंकेसाठी चौदा देशांनी ‘मोबी-किड्स’ अभ्यास केला, दहा ते चोवीस वयाच्या सुमारे ९०० रुग्णांचा. त्यात भारतही होता. तुलनेसाठी त्यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आलेली मुलं घेतली, कारण अपेंडिक्सचा दोष कुणी फोनला देत नाही. तिथेही धोका वाढलेला आढळला नाही. तेव्हा सासूबाईंना सांग, विचारलं ते बरोबरच होतं, पण उत्तर ‘नाही’ आलं आहे. ते ‘नाही’ मिळवायला वीस-पंचवीस वर्षं गेली.

मग कशानं होतं? एक कारण पक्कं ठाऊक आहे, ते म्हणजे क्ष-किरणांसारखा तीव्र किरणोत्सर्ग. १९४८ नंतरच्या काळात इस्राएलमध्ये बाहेरून आलेल्या हजारो मुलांच्या डोक्यातल्या नायट्यावर क्ष-किरणांचे उपचार केले गेले. तेव्हाची ती मान्य पद्धत होती. अशा सुमारे अकरा हजार मुलांचा पुढे मागोवा घेतला गेला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मेनिन्जिओमाचं प्रमाण नऊ पटींहून जास्त निघालं. अलीकडे युरोपातल्या नऊ देशांनी लहानपणी सीटी स्कॅन झालेल्या साडेसहा लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी एकत्र केल्या. डोक्याचा एक सीटी झालेल्या दहा हजार मुलांमागे पुढच्या पाच ते पंधरा वर्षांत किरणांमुळे साधारण एकाला मेंदूचा कर्करोग होतो, असा त्यांचा अंदाज आहे. हे वाचून सीटीला घाबरू नकोस. गरजेचा सीटी करायचाच असतो, बिनगरजेचा मुलांना टाळायचा, एवढाच धडा. आणि श्रीकांतरावांचा सीटी गाठीची लक्षणं दिसल्यावर झाला, आधी नव्हे.

हे सगळे आकडे एकाच देशानं का गोळा केले नाहीत, असं तुला वाटेल. मेंदूचा कर्करोग जगात वर्षाला लाखामागे साधारण चार जणांना होतो. त्यातही ग्लायोमा वेगळा, त्याचे पुन्हा प्रकार वेगळे. एका शहराकडे, कधीकधी एका देशाकडेही, पुरेसे रुग्ण जमत नाहीत. मोजके रुग्ण घेऊन हिशेब मांडला की योगायोगही कारणासारखा दिसू लागतो. वर्गात मी हेच घसा कोरडा करून सांगायची. म्हणून २००३ साली मेंदूच्या गाठींची कारणं शोधणाऱ्यांनी स्वतःचा आंतरराष्ट्रीय गट उभारला. ज्याची माहिती मोठी त्याचाच शोध, असा अहंकार या क्षेत्रात परवडतच नाही.

असं एकत्र येण्याचं फळ जनुकांच्या बाबतीत ठळक दिसलं. २०१७ साली अनेक देशांतले साडेबारा हजार ग्लायोमाचे रुग्ण आणि अठरा हजार इतर माणसं यांच्या डीएनएची तुलना झाली. धोका वाढवणाऱ्या तेरा नव्या जागा सापडल्या. आधी माहीत असलेल्या धरून एकूण पंचवीसच्या आसपास. बहुतेक जागांचा परिणाम लहान आहे. त्या अंगात असूनही लाखो माणसांना काहीच होत नाही. आणखी एक गमतीदार धागा म्हणजे, दमा किंवा शिंकांची ॲलर्जी असणाऱ्यांत ग्लायोमाचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसलं. प्रतिकारशक्ती यात काहीतरी करत असावी, असा त्यावरून कयास आहे.

पण २०१७ ची ती माणसं प्रामुख्यानं युरोपीय वंशाची होती. त्यांच्यात सापडलेलं आपल्या माणसांना कितपत लागू पडतं, हे आपल्या माणसांच्या नमुन्यांशिवाय कळणार नाही. मुंबईत कर्करोगाची नोंदवही १९६३ पासून ठेवली जाते, म्हणजे मोजण्याची परंपरा आपल्याकडे आहे. पेशीच्या आत काय बिघडलं, ते मात्र नोंदवहीत मावत नाही. ते ब्लॉकमध्ये असतं.

‘ह्यांनाच का?’ याचं उत्तर मी तुला देऊ शकत नाही, आणि जो ते ठामपणे देईल त्याच्यापासून दूर राहा. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल चुकते, बहुतेक चुका दुरुस्त होतात, एखादी निसटते. हजारो माणसांबद्दल विचारलं तर धोका सांगता येतो, एका माणसाबद्दल विचारलं तर नाही. तुझ्या हातून काही राहिलं, असं या सगळ्या अभ्यासांत मला कुठेही दिसत नाही.

म्हणून माझं मत, हो म्हणावं. पण आधी विचारून घे. पुढच्या तपासण्यांना लागेल एवढा नमुना उपचारासाठी राखून ठेवतील ना? तो बाहेरच्या संस्थेला दिला तर नाव जाईल का? उद्या मन बदललं तर संमती मागे घेता येईल का? नकार दिला तर उपचारात फरक पडता कामा नये, हा नियम आहे. तसं कुणी सुचवलं तर लेखी मागून घे.

आणि एक, मीनल. तू ‘मी सही करू का’ असं लिहिलंस. श्रीकांतराव शुद्धीवर आहेत, बोलतात, पेपर वाचतात. गाठ त्यांची, सहीही त्यांचीच. त्यांच्या पाठीमागे आपण दोघींनी ठरवू नये. हे पत्र त्यांना वाचायला दे आणि त्यांना काय वाटतं ते विचार.

तुझी,
सुमनमावशी